मागची क्लिप

माझा भाऊ हट्टी आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी मला बोल लावायला नको. घरातली वस्तू बिघडली की ती बाहेर दुरुस्तीला द्यायची नाही, आपणच उघडायची, हा त्याचा बाणा. मिक्सर उघडला, शिलाई मशीन उघडलं, माझा धड चालणारा रेडिओ "आवाज जरा जाड येतोय" म्हणून उघडला. तो रेडिओ अजून उघडाच आहे.

जन्मभर दादा पत्र्याच्या कारखान्यात प्रेसवर होता. त्या प्रेसच्या धडधडाटाने त्याचे कान खाल्ले. जाड आवाज ऐकू येतात, बारीक येत नाहीत. कुकरची शिट्टी नाही, दाराची घंटा नाही, फोन तर नाहीच. माझे टोमणेही ऐकू येत नाहीत म्हणतो, पण ते सोंग आहे. मी त्याची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली आणि आता त्याच्याच घराच्या मागच्या खोल्यांत राहते. तो मला अजून 'बारके' म्हणून हाक मारतो. माझं आकारमान बघता लोक ती हाक ऐकून माझ्या मागे कोण आहे ते बघतात.

वहिनी सगळ्या बाबतीत त्याच्या उलट. तिच्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, आणि लग्नानंतरही ती तिथे बसायची, डोळ्याला भिंग लावून. बोटं निमुळती आणि हात असा हलका की चिमट्यातला स्क्रू कधी खाली पडला नाही. कानाचं तर विचारूच नका. भिंतभर घड्याळं टिकटिक करत असताना त्यातलं मागे पडणारं कोणतं, ते ती मान वर न करता सांगायची.

या दोघांनी मिळून एक जुनी पेट्रोल गाडी घेतली. तेव्हाच ती जुनी होती, आता तर काय बोलायलाच नको. सुट्टी आली की अंगणात गाडीचं बॉनेट वर आणि दोघांची डोकी आत. दादा खोलणार, घासणार, बसवणार. इंजिन चालू झालं की वहिनी रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं इंजिनावरून फिरवायची, डॉक्टर छाती तपासतो तसं. "इथे सूं करतंय," ती म्हणायची, आणि दादा तिथे पाना लावायचा. स्वतःला न ऐकू येणाऱ्या आवाजावर त्याचा असा विश्वास होता!

शेवटचं काम मात्र कायम तिचं. इंजिनाच्या पाठीमागे, आतल्या पत्र्याला लागून, अंगठ्याएवढा एक रबरी पाइप आहे. तो कुठून कुठे जातो हे मला विचारू नका. त्याची क्लिप सैल राहिली की इंजिन नको तिथून हवा ओढतं आणि धापा टाकतं, एवढं मला ठाऊक. गॅरेजवाले त्याला 'एअर घेतेय' म्हणतात. त्या फटीत दादाचा पंजा जात नाही. लांब पक्कड घालून तो पाइप क्लिपसकट ओढून काढू शकतो, ढकलून बसवू शकतो, पण क्लिप आवळायला बोटं लागतात, आणि ती बोटं वहिनीची. त्यासाठी लाल मुठीचा एक बुटका स्क्रूड्रायव्हर अंगणातल्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला असायचा. तो तिचा, दादाने त्याला हात लावायचा नाही. आपलं काम संपलं की तो म्हणायचा, "माझं झालं. मागचं तुझं." आणि फडक्याला हात पुसत बाजूला उभा राहायचा. ती पदर खोचून वाकायची. एवढ्या संसारात त्या दोघांना प्रेमाचं काही बोलताना मी कधी ऐकलं नाही. त्यांचं जे काय होतं ते हेच.

मग वहिनीला ते विसरायचं दुखणं लागलं. आधी गॅसवरचं दूध, मग किल्ल्या, मग परदेशातल्या मुलाचं नाव. मला ती 'वन्सं' म्हणायची, त्याचं 'बाई' झालं. मला वाईट वाटलं, पण मी गिळलं. शेवटी दादाची पाळी आली. एक दिवस ती माझ्या खोलीत आली, दार लोटलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "बाई, ते बाहेर बसलेत ते गृहस्थ जाणार कधी? हे यायची वेळ झाली. बरं दिसत नाही हो."

दादाला मी हे सांगितलं नसतं, पण त्याने माझ्या तोंडावरूनच ओळखलं. तेव्हापासून तो दिवसातला बराच वेळ पायरीवर बसू लागला. स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोला परक्या माणसाचा संकोच नको म्हणून. मुलगा फोनवर म्हणायचा, गाडी काढून टाका बाबा, आता कशाला तो व्याप. दादा म्हणायचा, लाइन खराब आहे, ऐकू येत नाही.

कारण गाडीत एक नवल घडायचं. डॉक्टरकडून परत येताना पहिल्यांदा घडलं. वहिनी पुढच्या सीटवर गप्प बसलेली, इंजिन आपलं एका लयीत चाललेलं, आणि ती एकदम म्हणाली, "अहो, आरसा नीट करा. मागचं काही दिसतंय का तुम्हाला?"

अहो! दादाने आरसा नीट केला. तो आधीच नीट होता, तरी केला.

त्यानंतर रोज संध्याकाळी तो तिला गाडीतून तलावापर्यंत न्यायचा. गाडी सुरू झाली, सीट बारीक थरथरायला लागली की हळूहळू वहिनी परत यायची. रस्त्यावरच्या माणसांना नावं ठेवायची, दादाच्या गिअर टाकण्याला नावं ठेवायची, आणि तो आनंदाने सगळं ऐकून घ्यायचा. घरी येऊन किल्ली फिरवली, इंजिन बंद झालं, की ती त्याच्याकडे पाहून अंग चोरायची. "दिवसभर मी गृहस्थ असतो बघ, बारके," तो मला हसत म्हणाला, "संध्याकाळी तेवढा नवरा." त्याच्या हसण्याचा मला इतका संताप आला! मी आत गेले आणि हातात कांदा नसताना रडले.

आता गाडीचं ऐका. सुरू होताना तिची कुरकुर वाढली होती. कार्बुरेटरखालचं पॅकिंग फाटलंय असं दादाचं निदान. मी म्हटलं, गॅरेजला दे. तो म्हणाला, "ते चार दिवस ठेवून घेतील. मग चार संध्याकाळी मी काय करू?"

सकाळी त्याने खोललं. जुनं पॅकिंग खरवडून काढलं, नवं बसवलं, पाइप धुतले, जिथल्या तिथे लावले. मी कपडे वाळत घालत होते. बघते तर काम आटोपून हा फडक्याला हात पुसत बाजूला उभा. थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग बॉनेट लावून अंघोळीला गेला. मला तेव्हा त्यात काहीच वावगं दिसलं नाही. वर्षानुवर्षं असंच तर बघत आले होते.

त्या संध्याकाळी इंजिन वर चढत होतं, खाली पडत होतं. नवं पॅकिंग आहे, बसेल जागेवर, म्हणून दादा तसाच निघाला. मोठ्या चौकात गाडी बंद पडली. सुरू केली, गदगदा हलली, पुन्हा बंद. मागे हॉर्नचा गोंगाट. "अहो, काय झालं?" वहिनीने आधी विचारलं. दादाने पुन्हा किल्ली फिरवली, गाडीने पुन्हा गचका खाल्ला, आणि तिने त्याच्याकडे वळून पाहिलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर ओळख नव्हती. "कोण तुम्ही? मला कुठे नेताय?" ती काचेवर हात आपटायला लागली. माणसं जमली. एकाने खिडकीतून हात घालून दादाची कॉलर धरली. वहिनी त्या माणसाला रडत सांगत होती, "मी ओळखत नाही हो यांना."

ट्रॅफिक पोलिसाने मला फोन केला. मी पोचले तेव्हा दादा स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसलेला होता, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. त्या कॉलरवाल्याला मी भर चौकात असा झाडला की तो पुन्हा कुणाच्या भानगडीत पडायचा नाही. पण त्याने काय होणार? वहिनीला मी टॅक्सीने घरी आणलं. त्यानंतर ती गाडीच्या जवळही जाईना. दाराशी नेलं तरी माझा दंड गच्च धरायची.

दादाने एकच धरून ठेवलं. "एअर घेतेय कुठूनतरी. ती जागा सापडली, इंजिन शांत झालं की ती येईल. तुला सांगतो, येईल."

मग त्या हवेच्या मागे तो हात धुऊन लागला. इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली घेऊन इंजिन चालू ठेवायचा आणि एकेका सांध्यावर पाणी मारायचा. जिथे फट असेल तिथे पाणी ओढलं जातं आणि इंजिनाचा सूर बदलतो, म्हणे. सूर काही बदलेना. नवं पॅकिंग काढून आणखी एक नवं घातलं. नट पुन्हा आवळले. वरचे पाइप बदलले. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला येऊन बघून गेला, म्हणाला, काका, सोडून जा गाडी माझ्याकडे, सवडीने बघतो. दादाने त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

शेवटी मला धरलं. "तुझा जन्म एक्स्चेंजमध्ये गेलाय. ऐक." नळी माझ्या कानात.

"इथे सूं होतंय?"

"होतंय."

"आणि इथे?"

"इथेही."

"अगं, मग काय सगळं इंजिनच फाटलंय?"

"मला काय विचारतोस! माझ्या लाइनवर माणसं बोलायची."

तो हसला नाही. मीही मग जरा नरमले. म्हटलं, "दादा, ते मागचं बघितलंस का?"

"मागचं झालेलं असतं," तो चिडून म्हणाला, आणि बाटली उचलून पुन्हा पुढच्या पाइपांवर पाणी मारायला लागला.

माझाही त्यावर विश्वास बसला. तो केलेलं सगळं तपासत होता, आणि त्याने केलेलं सगळं बरोबरच होतं.

इकडे संध्याकाळी एकेक करून वाया जात होत्या. वहिनी खिडकीशी बसायची. पूर्वी दिवसातून अनेकदा विचारायची, "हे अजून कसे आले नाहीत?" आता तेही क्वचित. दादाला त्याचीच धास्ती पडली. मला म्हणाला, "बारके, ती मला ओळखत नाही त्याचं एक वेळ चालेल गं. पण ती माझी वाट बघायची थांबली तर?"

एका दुपारी असंच इंजिन धापा टाकत चाललेलं. दादा थकून मडगार्डवर कपाळ टेकून उभा होता, डोळे मिटून. आणि घरातून वहिनी बाहेर आली. मी हात धरायला पुढे झाले, तर तिने मला झटकलं. कपाळाला आठी, दुकानात कुणी चालतं घड्याळ आपटल्यावर पडायची तशी.

"काय चाललंय काय? केव्हाची एअर घेतेय ती. ऐकू येत नाही का?"

दादा खाडकन सरळ झाला. तिने त्याला कोपराने बाजूला केलं. न बघता हात भिंतीकडे नेला, खिळ्यावरून लाल स्क्रूड्रायव्हर काढला, पदर खोचला आणि वाकली. हात इंजिनाच्या मागे गेला, मनगट वळलं, पुन्हा वळलं. इंजिनाने एक उसासा टाकला आणि ते शांत झालं. इतकं शांत की मोरीतला नळ ठिबकताना मला ऐकू आला.

दादा रिकाम्या खिळ्याकडे बघत होता. मग त्याने हातातल्या फडक्याकडे पाहिलं. तेव्हा मला उलगडा झाला, आणि त्याला माझ्या आधी झाला. त्या दिवशी सगळं बसवून झाल्यावर तो सवयीने बाजूला उभा राहिला होता. मागचं तिचं. ते तिने केलं असणारच. ती करायला तिथे नाही, हे त्याच्या डोक्याला कळत होतं, हातांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"अगं," तो म्हणाला. "अगं, सापडलं की! सापडलं!"

वहिनी हात पुसत त्याच्याकडे वळली. हसली. ते गिऱ्हाइकाशी हसायचं हसू होतं.

"तुमची चूक नाही हो, भाऊ. तुम्हाला कसं माहीत असणार? आमचे हे मागची क्लिप नेहमी माझ्यासाठी ठेवतात. त्यांचा हात जात नाही तिथे."

भाऊ! ज्या माणसाला जन्मभर 'अहो'शिवाय हाक मारली नाही, त्याला भाऊ. मी तोंड उघडणार होते, दादाने हातानेच मला थांबवलं. हातातल्या फडक्याची घडी घातली. मग म्हणाला, "असं का? चांगले आहेत म्हणजे तुमचे मिस्टर."

"हट्टी आहेत," वहिनी म्हणाली. "पण चांगले आहेत."

आणि तिने गाडीचं दार उघडलं. मागचं. आत बसून पदर सावरला. "मला घरी सोडाल का, भाऊ? हे वाट बघत असतील."

घराच्या अंगणात बसून ती घरी सोडायला सांगत होती. दादाने पुढच्या रिकाम्या सीटकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "सोडतो, बाई." मी फाटक उघडलं. गाडी सुरेख चालली होती, जराही न हलता. तलावाला वळसा घालून तो तिला परत घेऊन आला. स्वतःच्या दारात उतरून तिने त्याचे आभार मानले.

यापुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, म्हातारा भ्रमिष्ट झाला. मीही तेच म्हटलं. पुढच्या रविवारी बघते तर हा गाडीखाली उताणा, लांब पक्कड आत खुपसून, आणि मनगट खरचटून रक्त आलेलं. पाइप हिसडून तो ती क्लिप सैल करत होता. मग बाहेर आला, इंजिन चालू केलं आणि फडकं घेऊन बाजूला उभा राहिला. इंजिन धापा टाकायला लागलं. थोड्या वेळाने वहिनी रागारागाने बाहेर आली, स्क्रूड्रायव्हर काढला, वाकली, आवळलं. आणि हात पुसता पुसता गप्पांत रमली. आमच्या ह्यांना चहा उकळत्यासारखा गरम लागतो. आमच्या ह्यांचे कान प्रेसने घालवले, सांगून ऐकत नाहीत. दादा मान डोलावत ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "जीव आहे का हो त्यांचा तुमच्यावर?"

वहिनी चक्क लाजली. "काहीतरीच काय विचारता, भाऊ!" म्हणून तिने तोंड फिरवलं.

ती आत गेल्यावर मी त्याला फैलावर घेतलं. "वेड लागलंय का तुला? चांगली चाललेली गाडी बिघडवतोस?"

"मग काय करू, बारके?" तो म्हणाला. "तिच्या तोंडून मी आहे हे मला आणखी कुठे ऐकायला मिळणार?"

तेव्हापासून मी, रविवार आला की त्याच्या मनगटाला लावायला मलम तेवढं बाहेर काढून ठेवायची.

परवाच्या रविवारीही ठेवलं होतं. त्याने क्लिप सैल केली, इंजिन चालू केलं, फडक्याला हात पुसत बाजूला झाला. वहिनी दारातच खुर्चीवर बसलेली होती. इंजिन धापा टाकत होतं, गदगदत होतं. ती समोर बघत होती. रस्त्याकडे बघावं तसं गाडीकडे, गाडीकडे बघावं तसं दादाकडे. आठी नाही, राग नाही, काही नाही. दादा वाट बघत राहिला. मग दोन पावलं पुढे आला आणि म्हणाला, "बाई, एअर घेतेय वाटतं गाडी."

"काय घेतेय?" वहिनीने विचारलं.

"तुमचे मिस्टर ठेवतात ना, मागची क्लिप..."

ती त्याच्या तोंडाकडे नुसती बघत राहिली. आणखी काही आचके देऊन इंजिन आपोआप बंद पडलं.

मला ते बघवेना. मी उठले, खिळ्यावरचा लाल स्क्रूड्रायव्हर काढला. "सरक," म्हटलं, "माझा हात जातो का बघते."

त्याने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि पुन्हा खिळ्याला अडकवला. "राहू दे," म्हणाला. "मागचं तिचं आहे."

बॉनेट लावलं आणि तो दाराकडे आला. खुर्चीच्या खालच्या पायरीवर बसायला वाकला, तेव्हा वहिनीने आपले पाय आखडून घेतले आणि त्या गृहस्थांना जागा करून दिली.